एक नंबर नको, चार नंबर घे

«ताई, मी ३१ वर्षांची, भांडुपला राहते, नोकरी फोर्टला. माझे मूळचे केस काळेच, उन्हात जरा पिंगट दिसतात. गेल्या वर्षी मावसबहिणीच्या लग्नाआधी पार्लरमध्ये ग्लोबल ब्राउन, म्हणजे सगळ्या केसांना एकच ब्राउन, आणि वर कॅरॅमल हायलाइट्स करून घेतले. तेव्हा छान दिसत होते. आता मुळाशी चार बोटं काळं, त्याखाली तांबूस आणि हायलाइट्स तर पार पिवळट, कोरडे झालेत. दीड महिन्यावर धाकट्या दिराचा साखरपुडा आहे. पार्लरवाली परत साडेचार हजार मागते, म्हणून घरीच केस गडद करायचं ठरवलंय. सासूबाई म्हणतात काळी मेहंदी लाव, दहा-वीस रुपयांत काम होतं. बहीण म्हणते सरळ एक नंबर, म्हणजे काळाच, लाव, झंझट नको. दादरच्या दुकानदाराने ४.१ नंबरचा डबा पुढे केला, म्हणाला याने तांबूसपणा मरतो. शिवाय अमोनियावाला घ्यायचा की बिनअमोनियाचा, तेही कळत नाही. केस खांद्याखाली वीतभर आहेत. नेमका कुठला डबा घेऊ? – स., भांडुप»

प्रिय स.,

नेमका डबा विचारलास, म्हणून आधी डबाच सांगते. दोन घे, आणि दोन वेगवेगळे घे. पहिला ५.३, म्हणजे सोनेरी झाक असलेला फिका ब्राउन. तो फक्त त्या पिवळट पडलेल्या बटांसाठी. दुसरा ४, अगदी साधा, पॉइंटच्या पुढे काही नसलेला. ४.० लिहिलं असेल तरी तोच. दोन्ही एकाच कंपनीचे आणि दोन्ही बिनअमोनियाचे. केस दाट असतील तर ४ नंबरचे दोन डबे आण. एक उरला तर उघडू नकोस, पुढे लागणारच आहे. सासूबाई, बहीण आणि दुकानदार, तिघांनाही माझा नकार आहे, फक्त प्रत्येकाला नकार देण्याचं कारण वेगळं आहे.

डबा घेताना त्यावरची बाई आणि तिच्या खाली छापलेलं गोड नाव, दोन्हीकडे बघू नकोस. चॉकलेट, एस्प्रेसो, मोका ही नावं कंपनीने ठेवलेली असतात, आणि एका कंपनीचं चॉकलेट दुसरीच्या डार्क ब्राउनपेक्षाही काळं निघतं. बघायचा तो आकडा. पॉइंटच्या आधीचा आकडा रंग किती गडद ते सांगतो. १ म्हणजे काळा, ३ गडद ब्राउन, ४ ब्राउन, ५ फिका ब्राउन. ६ पासून पुढे भुऱ्या, म्हणजे ब्लॉन्ड, केसांचा प्रांत सुरू होतो आणि १० ला सगळ्यात फिका रंग. पॉइंटनंतरचा आकडा झाक सांगतो. बहुतेक कंपन्यांत १ म्हणजे राखी, ३ सोनेरी, ४ कॉपर, ५ महोगनी, ६ लाल. काही डब्यांवर ४००, ४१५ असे तीन आकडे सलग छापलेले असतात. तिथेही पहिला आकडा गडदपणाचा आणि पुढचे दोन झाकेचे. एकदा हे वाचता आलं की दुकानदाराच्या तोंडाकडे बघायची गरज उरत नाही.

आता गंमत अशी की आपण ज्यांना काळेभोर म्हणतो ते केस या मोजपट्टीवर क्वचितच १ असतात. बहुतेक जणींचे २ किंवा ३. तू स्वतःच लिहिलं आहेस की उन्हात पिंगट दिसतात, म्हणजे तुझी मुळं ३ च्या आसपास असणार. सकाळी खिडकीत उभी राहून मुळाची एक बट डब्यामागच्या रंगांच्या पट्टीशी लावून बघ. ट्यूबलाइटखाली बघू नकोस, तिथे सगळंच काळं दिसतं.

मग मुळं ३ ची, तर खालीही ३ च का नाही? कारण तुझे खालचे केस आता मुळांसारखे राहिलेले नाहीत. ब्लीच झालेल्या, ऊन खाल्लेल्या केसांचं वरचं कवच उघडं पडलेलं असतं. खारी चहात धरली की क्षणात चहा ओढून घेते, तसे ते रंग ओढतात, आणि डब्यावर लिहिलंय त्याहून एक घर जास्त गडद होतात. ४ लावलास की ३ च्या जवळ जाशील. ३ लावलास तर टोकं काळी आणि मुळं त्याहून फिकी, असं उलटंच चित्र होईल. घरी केस गडद करताना मनात ठरवलेल्या रंगापेक्षा एक नंबर फिका डबा घ्यायचा, ही सवय लावून घे. कमी पडलं तर पुढच्या वेळी वाढवता येतं.

जास्त झालं तर मात्र कमी करता येत नाही, आणि बहिणीच्या एक नंबराला माझा विरोध आहे तो इथेच. रंगावर फिका रंग लावून आधीचा रंग फिका होत नाही, हे पुष्कळ जणींना माहीतच नसतं. एकदा काळा बसला की वर कितीही ब्राउनचे डबे रिकामे कर, केस काळेच राहतात. तो काढायचा तर परत ब्लीच, म्हणजे परत पार्लर, आणि त्याचा खर्च आताच्या साडेचार हजारांहून खूपच वर जातो. शिवाय डब्यातला काळा आणि आपल्या डोक्यावरचा काळा यांत फरक असतो. डब्यातला सपाट दिसतो, उन्हात चमकला तर निळसर. साखरपुड्याच्या फोटोत तुझी मुळं तपकिरी आणि खालचे केस शाईत बुडवल्यागत दिसतील. बहिणीला म्हणावं, तुझ्या डोक्यावर खुशाल लाव.

दुकानदार अगदीच चुकीचं बोलला नाही, अर्धंच बोलला. राखी झाकेने तांबूसपणा दबतो हे खरं, कारण राखी रंगाचा पाया निळा-हिरवा असतो आणि तो नारिंगीला मारतो. पण तुझे हायलाइट्स नारिंगी नाहीत, पिवळट आहेत. पिवळ्यावर निळं चढलं की काय होतं हे चित्रकलेच्या तासाला आपण सगळ्यांनी पाहिलंय. ४.१ ने तुझ्या त्या बटा शेवाळी, मातकट दिसू शकतात, आणि ते पहिल्या धुण्यानंतर जास्त उठून दिसतं.

त्यासाठीच ५.३ चा घाट घातलाय. मूळच्या काळ्या केसांत तपकिरी रंगाच्या खाली लाल-नारिंगी-सोनेरी रंगद्रव्य असतं. ब्लीच करताना पार्लरवालीने ते काढून टाकलं. त्या रिकाम्या केसावर थेट गडद ब्राउन चढवला तर त्याला खाली आधारच नसतो. मग तो एकतर हिरवट दिसतो, नाहीतर तीन-चार धुण्यांत उतरून जातो आणि आपण कंपनीला शिव्या घालत बसतो. आधी सोनेरी झाकेचा थर देऊन मग ४ चढवला की रंग खरा वाटतो आणि टिकतो. पार्लरच्या भाषेत याला फिलर म्हणतात. हेच काम तिथे एका बैठकीत उरकतात. तू घरी दोन रविवारांत कर, मध्ये दोन आठवडे जाऊ देत.

सासूबाईंची काळी मेहंदी. हे जरा सविस्तर लिहिते, कारण हा सल्ला घराघरात दिला जातो आणि तो देणाऱ्याला वाटतं की आपण अगदी निरुपद्रवी, नैसर्गिक काहीतरी सुचवतोय. मेंदीच्या पानाचा रंग नारिंगी-लाल असतो. त्यातून काळा येत नाही. काळा हवा तर मेंदीनंतर निळीच्या (इंडिगोच्या) पानांची पूड लावावी लागते, ते वेळखाऊ काम. जी पुडी अर्ध्या-पाऊण तासात केस काळेभोर करते तिच्यात काळा रंग मेंदीचा नसतो. बहुतेक वेळा तो पॅरा-फेनिलीनडायअमाइनचा असतो, ज्याला सगळे पीपीडी म्हणतात. पुडी उलटी कर, बारीक अक्षरांत सापडेल. म्हणजे तू रासायनिक रंगच लावणार, फक्त काळा, न मोजलेला, आणि मेंदी म्हणून डोक्यावर जास्त वेळ ठेवणार. वर तो १ नंबरचाच काळा. बहिणीला दिलेलं उत्तर त्यालाही लागू. सासूबाईंना हे सगळं सांगत बसू नकोस. त्यांचे केस पांढरे असतील, त्यांना ती पुडी इतकी वर्षं चालली असेल, तर त्यांचं त्यांच्यापाशी. «हायलाइट्सवर मेहंदी भलताच रंग धरते म्हणे» एवढंच सांग आणि विषय बदल. ते तसं खोटंही नाही.

पीपीडी मी सांगितलेल्या डब्यांतही असतं, किंवा त्याच्याच कुळातलं काहीतरी असतं. टिकणारा गडद रंग त्याशिवाय जमत नाही. इथे अमोनियाचा प्रश्न येतो. अमोनिया केसाचं कवच फुगवून रंगाला आत जागा करून देतो आणि बरोबरचं पेरॉक्साइड मूळचा रंग थोडा उतरवतं. पांढरे केस झाकायचे असतील किंवा केस फिके करायचे असतील तर ते लागतं. तुला यातलं काहीच करायचं नाही. तुला नुसता रंग भरायचाय, आणि तुझं कवच आधीच उघडं आहे. त्याला अजून फुगवून काय मिळणार? बिनअमोनियाच्या डब्यात पेरॉक्साइड सौम्य असतं, रंग हळूहळू उतरतो, आणि चुकलंच तर काही आठवड्यांत फिका पडतो. पहिल्यांदा घरी करणाऱ्यासाठी ही मोठीच सोय आहे. मात्र बिनअमोनियाचा म्हणजे ॲलर्जी न होणारा, हा समज काढून टाक. ॲलर्जी अमोनियाची नसते, पीपीडीची असते. २००६ साली अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने पीपीडीला त्या वर्षाचा ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, ठरवलं होतं, इतकं ते त्वचेच्या डॉक्टरांच्या ओळखीचं आहे.

आता एक प्रश्न मी तुला विचारते, आणि त्याचं उत्तर नीट आठवून दे. कुणाच्या लग्नात, जत्रेत, गोव्याच्या किनाऱ्यावर कधी हातावर काळ्या कोनाची मेंदी किंवा टॅटू काढला होतास का? आणि नंतर तिथे खाज, पुरळ, फोड आले होते का? आले असतील तर या पत्रातलं बाकी सगळं बाजूला ठेव आणि एकही डबा विकत घेऊ नकोस. एकदा शरीराने पीपीडीशी वैर धरलं की ते सहसा जन्मभर राहतं, आणि पुढच्या वेळी डोक्यावर लावलंस तर चेहरा सुजून डोळे मिटण्यापर्यंत मजल जाते. अशा वेळी परळचं केईएम, नायर, सायन यांपैकी जवळच्या महापालिकेच्या रुग्णालयात त्वचाविभागाच्या ओपीडीत जा. पाठीवर पट्ट्या चिकटवून, दोन दिवसांनी काढून ते नेमकं सांगतात कशाची ॲलर्जी आहे.

असं काही झालं नसलं तरी घरची चाचणी करायचीच. गेल्या वर्षी पार्लरमध्ये काही झालं नाही म्हणून यंदा होणार नाही असं नसतं. ही ॲलर्जी आधीच्या वापरातूनच तयार होते. डब्यातल्या पत्रकात लिहिलंय तसं थोडं मिश्रण कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लाव आणि ४८ तास वाट बघ. रात्री लावून सकाळी बघितलं, काही नाही, चला सुरू, असं करू नकोस. खाज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही उमटते. आपल्याकडच्या नियमांनुसार या रंगांच्या डब्यांवर हा इशारा इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही छापावा लागतो, आणि त्यातच लिहिलेलं असतं की भुवया-पापण्यांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते. केसांशी जुळाव्यात म्हणून उरलेला रंग भुवयांना फासणाऱ्या बायका मी पाहिल्यात. तू ते करणार नाहीस असं धरून चालते.

अजून एक परीक्षा केसांची. हायलाइटची एक बट ओली कर आणि दोन बोटांत धरून हलकेच ताण. ताणून परत जागेवर आली तर उत्तम. रबरासारखी लांबत गेली आणि तशीच लोंबत राहिली, किंवा पटकन तुटली, तर त्या केसांत आता कुठलंही रसायन झेपण्याची ताकद नाही. मग साडेचार हजारांतही काही होणार नाही. ती टोकं कापून टाक आणि उरलेल्यांना रंग लाव.

खरेदी कुठूनही कर, पण सीलबंद डबा घे. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास सौंदर्यप्रसाधनं स्वस्त मिळतात आणि चांगलीही मिळतात. फक्त डब्याच्या तळाशी छापलेली तारीख, बॅच नंबर आणि खाडाखोड केलेली किंमत नीट बघायची. तिथे पार्लरला लागणाऱ्या सुट्या ट्यूब आणि वेगळा डेव्हलपर, म्हणजे रंगात कालवायचं पेरॉक्साइडही मिळतं. दुकानदार सवयीने २० व्हॉल्यूमची बाटली हातात देईल. ती घेऊ नकोस. २० म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, १० म्हणजे ३ टक्के, आणि नुसतं गडद करायला १० खूप झालं. पण पहिल्यांदा करत असशील तर हा मोजामापाचा खेळ सोड आणि सरळ तयार डबाच घे.

करायच्या दिवसाचं सांगते. मेगाब्लॉकचा रविवार धर, तसंही कुठे जाता येत नाही. सगळ्यात आधी पाण्याची वेळ बघ. इमारतीत दहाला पाणी जात असेल आणि पावणेदहाला तू डोक्याला रंग फासलेला असेल, तर पुढचा तमाशा शेजाऱ्यांसकट सगळे बघतील. दोन बादल्या भरून ठेव आणि मगच मिश्रण कालव. महापालिकेचं तलावाचं पाणी मऊ असतं, केसांना चांगलं. टँकरचं किंवा बोअरचं जड असतं, रंग लवकर उतरवतं आणि केस खरखरीत करतं. त्यामुळे बादल्या भरायच्या त्या सकाळच्या नळाच्या.

केस आदल्या दिवशी धुतलेले, कोरडे, बिनतेलाचे असू देत. डोक्यावर कुठे खरचटलं असेल, फोड असेल तर त्या रविवारी काही करू नकोस. कपाळाच्या कडेला आणि कानांना व्हॅसलीन लाव. मिश्रण प्लॅस्टिकच्या नाहीतर काचेच्या भांड्यात कालव, स्वयंपाकघरातली धातूची वाटी घेऊ नकोस. आणि संपूर्ण डोक्याला हात लावण्याआधी मानेवरच्या आतल्या थरातली, कुणाला न दिसणारी एक बट रंगव. पत्रकातल्या वेळेच्या निम्म्यावर ओल्या कापडाने तिचा थोडा भाग पुसून बघ, मग पूर्ण वेळेला बघ. धुऊन, वाळवून खिडकीत धरून बघ. ओल्या केसांवर रंग नेहमी जास्त गडद दिसतो, त्यावर विसंबू नकोस. किती मिनिटांना हवा तसा रंग आला, ते कागदावर लिहून ठेव. मध्ये कधी पुडीची मेंदी लावली असशील आणि ती नुसत्या पानाची होती याची खात्री नसेल, तर ही बट डोक्यावर रंगवू नकोस. कापून घे आणि भांड्यातल्या मिश्रणात बुडव. काही पुड्यांत धातूचे क्षार असतात आणि पेरॉक्साइडशी गाठ पडली की बट गरम होते किंवा भलताच रंग धरते. तसं झालं तर घरी करायचा बेत रद्द.

पहिल्या रविवारी फक्त हायलाइट्सच्या बटा वेगळ्या काढून त्यांना ५.३ लाव. टूथब्रश नाहीतर डब्यातला ब्रश घे, बाकीच्या केसांना थोडा लागला तर बिघडत नाही. दोन आठवड्यांनी ४. इथे बहुतेक जणी सवयीने भांग पाडून मुळापासून सुरुवात करतात, कारण आईला पांढरे केस रंगवताना तसंच पाहिलेलं असतं. तुझी मुळं चांगली आहेत, त्यांना हातच लावू नकोस. जिथे काळं संपून तांबूस सुरू होतं त्या रेषेच्या एक बोट वरून सुरुवात कर आणि ब्रश आडवा न ओढता वरून खाली पुसटता ने, म्हणजे जोडाची रेघ दिसत नाही. मधल्या भागाला आधी लाव. शेवटच्या तीन-चार बोटांना आधी थोडं कंडिशनर चोळून ठेव आणि रंग अगदी शेवटच्या सात-आठ मिनिटांत लाव. टोकं सगळ्यात जुनी, सगळ्यात तहानलेली. त्यांना बाकीच्यांइतका वेळ दिलास तर तीच सगळ्यात काळी निघतात. मागची बाजू एकटीला जमत नाही, बहिणीला बोलाव. एक नंबराचा सल्ला दिलाय, तर तेवढं तरी तिने करावं.

धुताना पाणी स्वच्छ येईपर्यंत धू. भांड्यात उरलेलं मिश्रण झाकण लावून जपून ठेवू नकोस. एकदा कालवलं की ते पुढच्या वेळी कामाचं राहत नाही, आणि बंद बाटलीत वायू साठून ती फुटू शकते. न कालवलेली ट्यूब आणि बाटली मात्र वेगवेगळी ठेवलेली चालते.

पुढचे दोन दिवस शाम्पू नाही. पहिल्या काही दिवसांत भांडुपहून फोर्टपर्यंत गर्दीत घाम आला किंवा पावसात भिजलीस तर मानेवर तपकिरी ओघळ येणारच, पांढरा कुर्ता कपाटात राहू दे. उशीला जुना अभ्रा घाल. सल्फेट नसलेला शाम्पू, गिझरचं कढत पाणी नाही. जास्त काही नाही.

हायलाइट्सवरचा रंग बाकीच्यांपेक्षा लवकर फिका पडेल, तीनेक आठवड्यांत. तेवढ्यासाठीच ४ चा तो जादा डबा, आणला नसशील तर आण. साखरपुड्याच्या आठवडाभर आधी फक्त त्या बटांना ४ चा एक हलका हात दे आणि आदल्या रात्री काहीही नवीन करायला जाऊ नकोस.

आणि एवढं सगळं करूनही अंदाजापेक्षा गडद झालेच, तर घाबरून त्याच दिवशी ब्लीचची पुडी आणू नकोस. पहिल्या दोन-तीन दिवसांतच, ते शाम्पू न करण्याचं विसरून, कोंड्याच्या साध्या शाम्पूने कोमट पाण्यात दोन-तीनदा धू, प्रत्येक वेळी फेस पाच मिनिटं ठेवून. ताजा रंग यानेच सगळ्यात जास्त उतरतो. नंतर भरपूर कंडिशनर लाव आणि आठवडाभर थांबून परत खिडकीत बघ. बिनअमोनियाचा असल्यामुळे तोवर तो आपसूकच थोडा खाली आलेला असेल.

– ताई